गव्हातले सेलेनियम धुऊन का जात नाही?

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले, तेव्हा तिन्हींत सेलेनियम खूप वाढलेले आढळले. त्यांनी रेशनचा गहूही तपासून घेतला. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम, तर धुतलेल्या गव्हात १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले.

तेव्हापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "गहू दोन पाण्यांनी धुतला तर चालेल ना?" वरचे दोन आकडेच त्याचे उत्तर देतात. धुऊन फारसा फरक पडत नाही, कारण हे सेलेनियम दाण्यावरची धूळ नसून दाण्याचाच भाग असते.

सेलेनियम हा गंधकाचा जवळचा भाऊबंद. जमिनीत ते जास्त असेल तर गव्हाची मुळे गंधकाच्याच वाटेने ते ओढून घेतात. पंजाबात नवांशहर व होशियारपूर भागात अशा जमिनी आहेत. पुढे मिथिओनिन या अमायनो आम्लात गंधकाच्या जागी सेलेनियम बसते आणि सेलेनोमिथिओनिन तयार होते. ते दाण्यातील प्रथिनात गुंफले जाते. आपले शरीरही त्याला साधे मिथिओनिन समजते व स्नायूंत साठवते.

हे डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही. ते शोधण्याचे उत्तम साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंचे वजन पाहून त्यांची निवड करणारे यंत्र. दाण्याचे पीठ नायट्रिक आम्लात विरघळवून तो द्रव आरगॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या ज्योतीत सोडतात. अणूंवर विद्युतभार येतो आणि यंत्र ते वजनानुसार वेगळे करून मोजते. येथे एक अडचण असते. सेलेनियमचे सर्वांत जास्त आढळणारे अणू ८० वजनाचे, आणि आरगॉनचे दोन अणू जोडले गेले तरी वजन ८०च भरते! म्हणून ७८ वजनाचे अणू मोजतात, किंवा हायड्रोजनसारखा वायू सोडून आरगॉनची जोडी फोडतात.

यातून एकूण सेलेनियम कळते. ते कोणत्या रूपात आहे हे पाहायचे तर आम्ल चालत नाही, कारण संयुगेच मोडतात. त्याऐवजी पाचक विकरांनी प्रथिने सुटी करतात व द्रव एका बारीक नळीतून नेतात. प्रत्येक संयुग आपापल्या वेळी बाहेर पडते. शुद्ध नमुन्याशी ती वेळ जुळवली की सेलेनोमिथिओनिन ओळखू येते.

आता हिशेब पाहू. सेलेनियम शरीराला हवेच, पण दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरते. अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. युरोपात २०२३ पासून ती २५५ आहे. वर सांगितलेल्या धुतलेल्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात सुमारे ४,००० मायक्रोग्रॅम जाते.

केस गळण्याची कारणे अनेक असतात, म्हणून प्रत्येकाने गव्हावर संशय घेऊ नये. परंतु एकाच घरात किंवा वस्तीत अनेकांचे केस एकदम गळू लागले, नखे ठिसूळ झाली, श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ताबडतोब कळवावे. तो गहू खाणे थांबवावे, पण सगळा फेकून देऊ नये. मूठ-दोन मुठी गहू स्वच्छ पिशवीत घालून, कुठून व कधी आणला ते लिहून ठेवावे. सेलेनियमच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी तपासायला नमुना लागतो, आणि तो जपून ठेवणे आपल्याच हाती आहे.