शिवोलीचा वाग्गेयकार : रेमो फर्नांडिस यांची वाटचाल

तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात गाण्याचे दोन घटक सांगितले आहेत : शब्द म्हणजे ‘मातू’ आणि स्वररचना म्हणजे ‘धातू’. ही दोन्ही अंगे जो स्वतः रचतो त्याला त्याने ‘वाग्गेयकार’ असे नाव दिले. पाश्चात्त्य देशांत गिटार गळ्यात अडकवून स्वतःची गाणी स्वतःच गाणारा कलावंत दिसला की तो प्रकार आपल्याला परका वाटतो. वस्तुतः त्याला लागणारा शब्द आपल्याकडे सातशे वर्षांपासून तयार आहे. आपले संत आणि शाहीर तरी दुसरे काय करीत होते? आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमदबाबा यांनी अभंग रचले, संगमनेरच्या अनंत फंदीने फटके व लावण्या रचल्या. रचणारा आणि म्हणणारा यांच्यात त्या काळी फार अंतर नव्हते.

ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि बोलपट आले आणि ही कामे वाटली गेली. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा आणि मालकी कंपनीची! या श्रमविभागणीने आपल्याला पुष्कळ दिले, हे मान्य केलेच पाहिजे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले ‘गीतरामायण’ माडगूळकरांच्या शब्दांचे आणि सुधीर फडके यांच्या स्वरांचे आहे. परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट मागे पडली. आपल्या मनातले, आपल्या गावचे, आपल्याच आवाजात सांगणारा एकटा माणूस कंपनीच्या दारात अडू लागला. दार उघडले नाही तर त्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांच्या कारकिर्दीत सापडते. त्यासाठी प्रस्तुत लेखात या कारकिर्दीचा विचार केला आहे.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ चा. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. त्यांच्या बालपणी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यामुळे घरात पोर्तुगीज गीते, गावात कोंकणी मांडो आणि दुल्पदे, आणि बाहेरून आलेले इंग्रजी रॉक संगीत अशा तीन प्रवाहांत त्यांचा कान तयार झाला. पुढे मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. त्याच शहरात ‘सॅव्हेजेस’ या त्या काळी गाजलेल्या रॉक वाद्यवृंदातही ते काही काळ होते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेत मिळेल त्या वाहनाने त्यांनी भटकंती केली. रस्त्यावर गायले, पॅरिसमध्ये एका वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रणही केले. आणि मग ते शिवोलीला परतले.

खरी गोष्ट येथून सुरू होते. त्यांची इंग्रजी गाणी काढायला मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्या तयार होईनात. इंग्रजी रॉक हवे असणारा श्रोता परदेशी गायकच विकत घेतो, तेव्हा गोव्याच्या मुलाचे कोण ऐकणार, असा व्यापारी हिशेब त्यामागे होता. रेमो यांनी अर्ज-विनंत्या सोडून दिल्या आणि राहत्या घरातच ध्वनिमुद्रण केले.

हे कसे साधले, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे एक लहान यंत्र बाजारात आले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात : दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरी. त्यामुळे एकट्या माणसाला आधी गिटार मुद्रित करावी, ती ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर तालवाद्य भरावे, तिसऱ्यावर आणखी एखादे वाद्य, असे करता येई. चार पट्टे पुरले नाहीत तर भरलेले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेले सूर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून पुढची पायरी आधी डोक्यात पक्की असावी लागते. साधन लहान असले म्हणजे विचार मोठा लागतो, तो असा!

या पद्धतीने १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट तयार झाली. शब्द, चाल, गायन आणि वादन सर्व रेमो यांचेच. वेष्टनाची सजावटही त्यांनीच केली. कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी ती पोहोचविणारेही तेच! पाठोपाठ ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आली. १९८६ चा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा संग्रह अमली पदार्थांच्या विळख्याविषयी बोलणारा होता, तर १९८७ साली ‘बॉम्बे सिटी’ आला. ज्या कंपन्यांची दारे बंद होती त्या आता आपण होऊन शिवोलीकडे वळल्या.

या गाण्यांचे विषय पाहण्यासारखे आहेत. रॉक संगीताचा साज परदेशी असला तरी आत गोव्याचे जीवन आहे. टेलिफोनच्या बेभरवशाच्या कारभारावर त्यांनी थेट ग्रॅहम बेलला उद्देशून गाणे लिहिले. १९८६ साली पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता त्यांच्यासमोर त्यांनाच नावाने साद घालणारे गाणे रेमो यांनी म्हटले. काहींना तो उद्धटपणा वाटला आणि वाद झाला. पुढे खुद्द पंतप्रधानांनी गाणे आवडल्याचे पत्राने कळविले, तेव्हा तो शमला. आपला शाहीरही सत्ताधीशांसमोर उभा राहून खरे तेच बोलत असे, याची येथे आठवण होते.

आता या कारकिर्दीची दुसरी बाजू पाहू. देशभर रेमो हे नाव पोहोचले ते प्रामुख्याने चित्रपटांमुळे. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) मध्ये ते गायले आणि पडद्यावरही दिसले. ‘जलवा’ (१९८७) चे शीर्षकगीत घरोघरी गेले. १९९५ साली ‘बॉम्बे’ या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत ए. आर. रहमान यांच्या संगीतात गायलेले ‘हम्मा हम्मा’ आणि १९९८ साली ‘प्यार तो होना ही था’ चे शीर्षकगीत ही तर लग्नाच्या वरातीत वाजणारी गाणी झाली. परंतु या शेवटच्या दोन गाण्यांत ना चाल त्यांची, ना शब्द. लोकांनी गायक उचलला आणि वाग्गेयकार बाजूला ठेवला. स्वतःच्या गाण्याने स्वातंत्र्य दिले, दुसऱ्याच्या गाण्याने प्रसिद्धी दिली. हा या कारकिर्दीतील खरा पेच आहे. त्यांच्यापुरता त्यांनी तो असा सोडविला की, चित्रपटासाठी गाऊनही मुक्काम शिवोलीलाच ठेवला आणि स्वतःची रचना थांबविली नाही. १९९२ साली राजकारण्यांची थट्टा करणारा इंग्रजी संग्रह आला, १९९८ साली ‘ओ मेरी मुन्नी’ हा हिंदी संग्रह आला. २००७ साली पद्मश्री मिळाली, तर २०२१ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढे ते पोर्तुगालमध्ये राहू लागले.

टीकाकार म्हणेल की, वडिलोपार्जित घर, जे. जे. चे शिक्षण आणि यंत्र घेण्याची ऐपत असणाऱ्याला असे स्वातंत्र्य परवडते. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण त्याचे उत्तर शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना अक्षरओळखसुद्धा तरुणपणी, मुंबईत मजुरी करताना झाली. त्यांनीही आंबेडकरी विचारांची असंख्य गीते स्वतः रचली, स्वतः गायली आणि गावोगाव पायपीट करून पोहोचविली. एकाजवळ पोर्टास्टुडिओ होता, दुसऱ्याजवळ नुसता आवाज. दोघांनीही परवानगीची वाट पाहिली नाही, हे त्यांच्यातले साम्य महत्त्वाचे.

आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाकडे या दृष्टीने पाहावे. आपण दरवर्षी तयार संगीताच्या साथीवर चित्रपटगीते म्हणतो, आणि चांगली म्हणतो. पण ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांवर, पाण्याच्या पाळीवर, पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या भावावर आपल्यापैकी कोणी लिहिलेले गाणे त्या व्यासपीठावर क्वचितच ऐकू येते. साधन नाही ही सबब आता उरलेली नाही, कारण चारच काय, त्याहून कितीतरी अधिक पट्टे हाताळण्याची सोय आज खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. वह्यांच्या मागच्या पानांवर कविता लिहिणारे आणि वसतिगृहात बादलीवर ताल धरणारे विद्यार्थी आपल्याकडे कमी नाहीत. पुढील संमेलनात निदान एक गाणे तरी असे असावे, ज्याचा मातूही आपला आणि धातूही आपला. ते बेसूर झाले तरी चालेल. ते श्रीगोंद्याचे असेल.