वाचनाचा महिना : संकल्प, नोंद आणि आढावा

वाचनाचे महत्त्व सर्वांना मान्य असते. परंतु आपण महिन्याभरात काय वाचले, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी ठेवतो. घरखर्चाची वही असते, दुधाची नोंद असते, पण वाचनाची नसते. या विषयाकडे शासन व समाज यांचे लक्ष अलीकडच्या काळात वेधले गेले आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम राज्यभर झाला. संकल्प करणे सोपे असते. तो महिनाअखेर कितपत पार पडला, हे पाहणे हा खरा अभ्यासाचा विषय होय.

उपनगरातील वाचनपरंपरा

मुंबई उपनगर जिल्ह्याची स्वतंत्र निर्मिती १९९० मध्ये झाली. पण तेथील वाचनसंस्कृती त्याहून कितीतरी जुनी आहे. विलेपार्ले येथील लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे ग्रंथालय पार्लेकरांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे १९५० व १९५७ च्या विस्तारांत बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. वस्ती वाढली, कामाचे ठिकाण मात्र बहुतांशी दक्षिणेकडे राहिले. त्यामुळे उपनगरातील वाचकाच्या आयुष्यात लोकलचा प्रवास हेच पुष्कळदा वाचनाचे दालन ठरले.

याच मुंबईत २५ डिसेंबर १९७४ रोजी दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकाने सभासद व्हावे व त्याला सवलतीच्या दरात चांगले पुस्तक मिळावे, अशी ती योजना होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये याच चळवळीने प्रकाशित केले. वाचक संघटित झाला तर नव्या लेखनालाही आधार मिळतो, हे त्यावरून दिसून आले.

एका महिन्याचा हिशेब

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बोरिवलीस राहणारा व चर्चगेटला नोकरीस जाणारा एक कर्मचारी तीस दिवसांत ७५० पाने, म्हणजे रोज २५ पाने, वाचण्याचा संकल्प करतो. त्यासाठी तो चार पुस्तके निवडतो. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक रात्रींच्या क्रमाने विभागलेले असल्याने रोज थोडे वाचण्यास सोयीचे आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) धनगरांच्या वस्तीतील शाळेवर गेलेल्या तरुण मास्तराची कथा सांगते. ‘बलुतं’ गावकुसाबाहेरचे जिणे व मुंबईतील कावाखाना यांचे दर्शन घडविते. पु. ल. देशपांडे यांचे ‘एका कोळियाने’ हा हेमिंग्वेच्या कादंबरीचा अनुवाद आहे. अशा निवडीत संस्कारकथा, ग्रामीण कादंबरी, आत्मकथन व अनुवाद हे चार निरनिराळे प्रकार येतात.

या वाचकाने पहिल्या आठवड्यात १७० पाने वाचली, दुसऱ्यात १४०, तिसऱ्यात केवळ ६० आणि उरलेल्या नऊ दिवसांत १५०. एकूण ५२० पाने झाली; संकल्पात २३० पानांची तूट आली. वरवर पाहता हे अपयश वाटेल. परंतु नोंद नीट पाहिली असता कारण हाती लागते. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी एक पुस्तक संपले. दुसरे घेण्यासाठी ग्रंथालयात जावयाचे, तर गाडीतून उतरेपर्यंत देवघेवीची वेळ टळलेली. परिणामी रविवारपर्यंत हाती पुस्तकच नव्हते. आळस किंवा अनिच्छा हे त्या तुटीचे कारण नव्हते. पुस्तक आणि वाचक यांची वेळ जुळली नाही, एवढेच. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत सांगितले होते. ते सूत्र येथे प्रत्यक्ष अनुभवास येते.

नोंद कशी ठेवावी

वाचनाची नोंदवही साधी असावी. तारीख, पुस्तकाचे व लेखकाचे नाव, त्या दिवशी वाचलेली पाने आणि शेवटी दोन ओळींचा अभिप्राय, एवढे रकाने पुरेत. वाचन खंडित झाले तर कारणही लिहावे. तुटीचा उलगडा त्यातूनच होतो. पुस्तक अर्धवट सोडले तर तसे नमूद करण्यात कमीपणा मानू नये.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. केवळ पुस्तकांची संख्या मोजली की वाचक पातळ पुस्तके निवडू लागतो आणि विद्यार्थी न वाचताच संख्या सांगू लागतात. म्हणून संख्येबरोबर विविधतेचेही लक्ष्य ठेवावे. वर्षभरात एक आत्मचरित्र, एक कवितासंग्रह, एक विज्ञानविषयक पुस्तक, एक अनुवाद आणि पन्नास वर्षांहून जुने असे एक पुस्तक अवश्य असावे. उपरोक्त वाचकाने दरमहा ५२० पाने हीच गती ठेवली तरी वर्षाला ६,२४० पाने होतात. पुस्तकाची सरासरी दोनशे पाने धरल्यास ती सुमारे ३१ पुस्तके होत. अपुरा वाटणारा महिनाही वर्षाच्या हिशेबात केवढा मोठा ठरतो, हे यावरून ध्यानात यावे.

संस्थांची जबाबदारी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यानुसार राज्यातील ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान मिळते, आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरविले जातात. पण ग्रंथालयाची उपयुक्तता कपाटातील ग्रंथसंख्येवरून ठरत नाही. ते कोणत्या वेळी उघडे असते, यावर ती फार अवलंबून असते. ज्या गावात लोक दिवसभर शेतात वा कारखान्यात असतात, तेथे वाचनालय सायंकाळी उशिरापर्यंत उघडे हवे. पंचायत सदस्यांना देवघेवीची वही पाहून हे सहज ठरविता येईल. कोणत्या वाराला, कोणत्या वेळी वाचक येतात आणि कोण येईनासे झाले आहेत, हे ती वही सांगते. सुट्टीपूर्वी एकाऐवजी दोन पुस्तके देण्याचा नियम केला, तरी वर वर्णिलेली तूट पुष्कळ अंशी भरून निघेल.

शिक्षकांनीही वर्गात वाचनाचा मासिक आढावा घ्यावा. मात्र तो परीक्षेसारखा नसावा. कोणी किती वाचले यापेक्षा कोणाचे वाचन कोठे व का थांबले, हे विचारावे. उत्तर बहुधा साधे असते : घरात दिवा नाही, पुस्तक कठीण आहे किंवा दुसरे मिळाले नाही. यांपैकी बहुतेक अडचणी गावाच्या पातळीवरच दूर होण्याजोग्या आहेत.

संकल्प वाचकाने करावयाचा आणि तो पार पाडण्याची सोय समाजाने करून द्यावयाची, अशी ही दोघांची भागीदारी आहे. महिनाअखेर नोंदवही उघडून दोघांनीही आपापल्या बाजूची तूट पाहिली, तर पुढचा महिना अधिक भरीव झाल्यावाचून राहणार नाही.