पेट्रोल इंजिन ओव्हरफ्लो होऊन सुरू होत नसल्यास काय करावे?



खरिपात हिंगोली जिल्ह्यातील सोयाबीनवर खोडमाशी, चक्री भुंगा आणि पाने खाणाऱ्या अळ्या एकामागून एक येतात. फवारणीचा दिवस मात्र आपण ठरवत नाही, पाऊस ठरवतो. चार दिवसांच्या झडीनंतर सकाळी उघडीप मिळते, वारा शांत असतो, औषध कालवून तयार असते आणि नेमका त्याच वेळी पाठीवरचा पेट्रोल पंप सुरू होत नाही. एक जण दोरी ओढून थकतो, मग दुसरा ओढतो. चोक लावतो, पुन्हा ओढतो. पेट्रोलचा वास सुटतो, पण इंजिन एक फटकाही मारत नाही. शेवटी पंप मोटारसायकलवर घालून तालुक्याला नेला जातो आणि दुपारी पुन्हा आभाळ येते.

अशा पंपात पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. इंजिनाला पेट्रोल जास्त झालेले असते. यालाच ओव्हरफ्लो होणे म्हणतात आणि ते शेतात, एका प्लग पान्याने दुरुस्त करता येते.

इंजिन का पेटत नाही?

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली म्हणजे पेटते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ठिणगीने जाळ होतो. त्याहून वाफ जास्त झाली, तर ठिणगी पडूनही ती पेटत नाही. चुलीत लाकडे ठासून भरली की नुसता धूर होतो, तसाच हा प्रकार आहे. त्यात प्लगचे टोक पेट्रोल व ऑइलने भिजते. मग वीज फटीतून उडी मारण्याऐवजी ओल्या काजळीतून परस्पर निघून जाते आणि ठिणगीच पडत नाही.

पुष्कळ जण चोकला पेट्रोलची तोटी समजतात. चोक ही हवेची झडप आहे. चोक लावला म्हणजे हवा कोंडली आणि पेट्रोलचे प्रमाण वाढले. थंड इंजिनाला पहिल्या दोन-तीन ओढीपुरती त्याची गरज असते. इंजिनाने एखादा फटका दिला की चोक काढावा. फटका देऊन बंद पडलेल्या इंजिनाला चोक लावूनच ओढत राहणे, हे ओव्हरफ्लोचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. गरम इंजिनाला तर चोक लावूच नये.

शेतात करावयाची दुरुस्ती

प्रथम पंप पाठीवरून उतरवून सपाट जागी ठेवावा. पेट्रोलची कॉक बंद करावी, बंद करण्याचे बटण दाबून ठेवावे आणि चोक पूर्ण काढावा. घाई नसेल तर पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. नंतर बटण सोडून, कॉक बंदच ठेवून व रेस पूर्ण उघडून आठ-दहा वेळा दोरी ओढावी. साधा ओव्हरफ्लो एवढ्यानेच मोकळा होतो. सुरुवातीला भरपूर धूर येईल, त्याची काळजी करू नये. इंजिन लागले की कॉक उघडावी.

एवढ्याने काम न झाल्यास प्लग खोलावा. प्लग कोरडा असेल तर दोष ओव्हरफ्लोचा नसून पेट्रोलच पोहोचत नाही असे समजावे आणि कॉक, जाळी, नळी तपासावी. प्लग पेट्रोलने ओला असेल तर तो फडक्याने पुसून, काजळी ब्रशने काढून उन्हात ठेवावा. टोकातील फट साधारण ०.६ ते ०.७ मि.मी. असावी. पंप टू-स्ट्रोक असेल तर प्लगचे भोक खाली येईल असा कलवून दोरी सावकाश पाच-सहा वेळा ओढावी. आत साचलेले पेट्रोल थेंब थेंब बाहेर पडते. मात्र कलवण्यापूर्वी टाकीतील औषध बादलीत काढून घ्यावे व पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहावे. इंजिन नीट करण्याच्या नादात औषध हातापायांवर सांडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येत नाही.

हळदीत वापरले जाणारे लहान पॉवर वीडर बहुधा फोर-स्ट्रोक असतात. ते उलटे करू नयेत, कारण खालचे ऑइल सिलिंडरमध्ये व एअर फिल्टरमध्ये जाते. प्लग काढून नुसती दोरी ओढली तरी पुरे.

दोरी मध्येच अडकून पुढे येत नसेल तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेले असले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढावा.

आगीपासून सावध

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवतात व दोरी ओढतात. ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनावर हे करणे धोक्याचे आहे. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि तो त्याच ठिणगीवर पेटतो. म्हणून आधी आतील पेट्रोल काढावे, पंप कोरडा पुसावा, जागा बदलावी, दहा मिनिटे थांबावे. मगच, भोकावर फडके दाबून व प्लग भोकापासून दूर धरून ठिणगी पाहावी. प्लग आगपेटीने भाजण्याची सवयही सोडावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते व काही अंतरावरच्या बिडीलाही सापडते. आग लागलीच तर पाणी टाकू नये, त्याने पेट्रोल पसरते. माती किंवा ओले गोणपाट टाकावे.

पुन्हा पुन्हा ओव्हरफ्लो होत असल्यास

कॉक उघडी ठेवून पंप दहा मिनिटे स्थिर ठेवावा. कार्बोरेटरखाली पेट्रोल ठिबकू लागले तर फ्लोटची सुई नीट बसत नाही असे समजावे. तेथे कचरा असतो किंवा सुईचे रबर खराब झालेले असते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते जुन्या पंपांतील काही रबराला मानवत नाही. कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुवावा, जेटमध्ये तार घालू नये. कॉक उघडी ठेवून बैलगाडीतून किंवा मोटारसायकलवरून पंप नेला तर धक्क्यांनी चांगला फ्लोटही गळतो. धुळीने भरलेला एअर फिल्टर कायम चोक लावल्यासारखाच असतो, तो दर आठवड्याला स्वच्छ करावा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल अंदाजाने ओतू नये. १ लिटर पेट्रोलला २० मि.लि. म्हणजे ५० ला १ आणि ४० मि.लि. म्हणजे २५ ला १ असे प्रमाण होते. आपल्या पंपाच्या पुस्तिकेत जे असेल तेच मापाने घ्यावे.

मोटारगाडीचे काय?

डिझेल ट्रॅक्टरला प्लगची ठिणगी नसल्याने हा दोष येत नाही. जुन्या, कार्बोरेटरच्या मारुती ८०० सारख्या गाडीत मात्र येतो. अशा वेळी चोक आत ढकलावा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरावा आणि स्टार्टर मारावा. पाय वरखाली करू नये, प्रत्येक दाबेला पेट्रोलची पिचकारी आत जाते. इंजेक्शनच्या गाडीतही थंडीच्या सकाळी गाडी दहा फूट हलवून लगेच बंद केली तर प्लग भिजू शकतात. तेथेही अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारल्यास बहुतेक गाड्यांत संगणक पेट्रोल बंद करतो व नुसती हवा आत जाते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. पाच-सहा वेळा होऊनही गाडी लागली नाही तर ती ढकलू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. त्यापेक्षा प्लग काढून वाळवावेत. गाडी सुरू झाल्यावर ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल पातळ होऊन खुणेच्या वर गेले असेल तर ते बदलूनच गाडी लांब न्यावी.