साठीनंतर उमगलेली ओळख

प्रश्न : नातवंडे झाल्यावर एखाद्याला आपण समलिंगी असल्याचे कळू शकते का?

उत्तर : कळू शकते, मात्र बहुतेकांचे आकर्षण जुनेच असते, त्याला नाव उशिरा मिळते. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कास यांनी १९७९ मध्ये अशी ओळख उमगण्याच्या प्रवासाचे सहा टप्पे मांडले. सगळेच ते ओळीने पार करत नाहीत. आज सत्तरीत असलेल्यांच्या तारुण्यात समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत होती (१९९० मध्ये ती वगळली गेली) आणि भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार थेट २०१८ पर्यंत होती. वय झाले की स्थळे पाहायची, लग्न उरकायचे, हीच रीत. म्हणून त्या संसारातली माया खोटी ठरत नाही. उभयलैंगिक पुरुषांची पंचाईत वेगळी : सोबत बाई असली की लोक ‘नॉर्मल’ म्हणतात, पुरुष असला की ‘गे’, आकर्षण मात्र दोन्हीकडे कायम असते. घरी काय आणि कधी सांगायचे, हे समुपदेशकाशी बोलून ठरवावे, कारण त्यात जोडीदाराचेही आयुष्य गुंतलेले असते. ‘बरे करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांपासून मात्र लांब राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.