पेशी विभागते कशी, थांबते कुठे

वडगाव ते लोणावळा या पट्ट्यातल्या मुलांना अकरावीचं जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पेशीचक्राचा धडा मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तो मनात ठसावा म्हणून काय करावं, याबद्दल अनुभवातून पटलेल्या या गोष्टी.

१. चित्राआधी कांदा हाती द्यावा.
पाण्याच्या पेल्यावर कांदा असा बसवावा, की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी मुळाच्या टोकाचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा घ्यावा. वाढ तिथेच चालते. रंगवून झाला की कव्हरस्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने सरळ दाबावं. काच सरकली की पेशी चुरगळल्याच. आणि लोणावळ्याच्या पावसात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते, म्हणून काम संपताच ती पुसून सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवावीत.

२. 'रिकाम्या' पेशींवर बोट ठेवावं.
बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक दिसतं. "या काहीच करत नाहीत, सर," मुलं म्हणतात. खरी तयारी तिथेच चाललेली असते. पेशी वाढते, डीएनएची प्रत काढते, चुका तपासते. माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं. त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचं.

३. मध्यावस्थेपाशी थोडं रेंगाळावं.
कांद्याची १६ गुणसूत्रं पेशीच्या मधोमध येतात. त्यातलं एक जरी तर्कुतंतूंना नीट जोडलं गेलं नसेल, तरी पेशी उरलेल्या पंधरांनाही अडवून धरते. सगळी जुळल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. पेशीचक्राचं नियंत्रण करणारे कळीचे रेणू शोधल्याबद्दल लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं.

४. मग वर्ग बांधावर न्यावा.
श्रावण-भाद्रपदात झुडपांतून कळलावी फुलते. वर वळलेल्या पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानांची टोकं आधाराला वेटोळं घालणारी. तिच्या बियांतलं आणि कंदातलं कोल्चिसिन तर्कुतंतू उभेच राहू देत नाही. पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर अडकते. अंगणातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिनही तिथेच घाव घालतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात.

५. नरक्याची ओळख करून द्यावी.
सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. ते एक पायरी आधी अडवतं: डीएनएची प्रत निघत असतानाच. त्यावरून बेतलेली औषधं आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर दिली जातात. त्यापायी या झाडाची बेसुमार चोरटी तोड झाली. दिसलं तर त्याला जपावं.

६. औषधाला आपला-परका कळत नाही, हे सांगायला विसरू नये.
केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, अस्थिमज्जा इथल्या निरोगी पेशीही भराभर विभागत असतात. म्हणून केमोथेरपीत केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणूनच शुद्ध केलेलं औषध, मोजलेली मात्रा आणि डॉक्टरांची नजर हवी. कळलावीचा कंद पोटात गेल्याने माणसं दगावली आहेत. सदाफुलीचा काढाही घरी करून पिऊ नये.

७. शेवटी एकच गोष्ट पक्की करून घ्यावी.
पेशीची थोरवी विभागण्यात जितकी, तितकीच वेळेवर थांबण्यात आहे. हे थांबणं सुटलं, की कर्करोगाला वाट मिळते. हा धडा शिकलेल्या प्रत्येक मुलाने घरी एवढं जरूर सांगावं: तोंडातली न भरणारी जखम किंवा न दुखणारी गाठ अंगावर काढू नका, झाडपाल्यात दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.