वजनकाटा, टोपणनावं आणि वाढतं वय



शाळा सुरू होऊन प्रवेशाची गडबड संपली की वर्गात वजनकाटा येतो. प्रगतिपुस्तकातले उंची-वजनाचे रकाने भरायचे असतात, आरोग्य तपासणीचं पथकही येणार असतं. काट्याजवळचे सर मोठ्यानं आकडा सांगतात, वर्गप्रमुख वहीत लिहितो. "बासष्ट!" मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसतं. वर्गाचं काम अर्ध्या तासात उरकतं, पण आठवीतल्या त्या मुलाचं वर्षभर 'बासष्ट' हेच नाव पडतं.

ढोल्या, काडी पैलवान, बुटक्या, काळ्या. ही नावं आपल्याला इतकी सवयीची झालीत की ती लागतात हेच जाणवत नाही. पण बारा ते सोळा या वयात मूल आरशासमोर उभं राहून आधीच स्वतःला तपासत असतं. त्यात आपण आपलं मत टाकतो.

या वयात शरीर नेमकं काय करतं, हे मुलांना कुणी धड सांगितलेलंच नसतं. मुलींची झपाट्यानं वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी सुरू होते. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे लहानखुरे दिसतात. पाळी येण्याच्या आसपास मुलींच्या मांड्या आणि कंबर भरते, ती निसर्गाची तयारी असते. नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी म्हणतं, "अगं बाई, किती सुटलीस!" आणि पोरगी डबा परत आणायला लागते.

मुलग्यांबद्दल तर आपण बोलतच नाही. वयात येताना बऱ्याच मुलग्यांची छाती थोडी फुगते, कधी दुखते. हा संप्रेरकांच्या चढउताराचा परिणाम असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत आपोआप जातो. पण त्या मुलाला वाटतं, आपल्यातच काहीतरी गडबड आहे. तो दप्तर छातीशी धरून चालतो, पोहायला जायचं टाळतो, खेळाच्या तासाला रोज पोट दुखतं. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. विज्ञानाच्या तासाला दहा मिनिटं काढून हे सरळ सांगितलं, तर किती पोरांचा जीव भांड्यात पडेल!

आणखी एक. मोबाईलवर मोठ्या माणसांचा बीएमआय काढून मुलांना 'जाड' ठरवू नका. वाढत्या वयात वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते वापरावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वर्षांसाठीचे असे तक्ते २००७ पासून आहेत. ते बालरोगतज्ज्ञांना वाचू द्या.

सगळा दोष मोबाईलचा, असं म्हणणं सोपं आहे. फिल्टर लावलेले चेहरे पाहून मुलं खचतात, हे खरंच. पण गोरेपणाचं वेड काही मोबाईलनं आणलेलं नाही. 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे १९७५ पासून विकलं जात होतं. २०२० मध्ये त्यातला 'फेअर' शब्द गेला, पण स्थळांच्या जाहिरातीतली 'गोरी, सडपातळ' अजून जागेवर आहे. आणि ती जाहिरात मुलीसमोरच वाचली जाते.

मग करायचं काय? वजन एकेकाला बाजूला बोलावून घ्या, आकडा स्वतः लिहा, वाचून दाखवू नका. मुलीनं विचारलं, "आई, मी जाड दिसते का?" तर "छे गं, छान दिसतेस" म्हणून विषय संपवू नका. "आज कुणी काही बोललं का?" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. खरोखरच वजनाचा प्रश्न असेल, तर सगळ्या घराचं खाणं बदला. बहिणीच्या ताटातली पोळी काढायची आणि भावाला तूप वाढायचं, यानं वजन उतरत नाही, मन मात्र कडू होतं.

काही गोष्टींकडे मात्र लगेच लक्ष द्या. डबा रोज मैत्रिणींना वाटून टाकणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, परिपाठात चक्कर येणं, सुरू झालेली पाळी थांबणं, उन्हाळ्यातही अंगभर स्वेटर, फोटोतून पळ काढणं, कुणाला न विचारता जिममधली पावडर घेणं. यातलं एकच दिसलं म्हणून घाबरायचं नाही, पण दोन-तीन गोष्टी काही आठवडे टिकल्या तर थांबायचंही नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतं. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मुलांसाठीचा १०९८ ही आहेच. मूल "मला जगायचंच नाही" असं काही बोललं, तर मात्र आठवडे मोजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना मुलाला कुठे आणि कशासाठी जातोय ते खरं सांगा. आणि 'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द घरातल्या आजी-आजोबांच्या तोंडी येणार नाही, एवढं आधीच बघा.