विहिरीचा इशारा

मुलामुलींनो, दुष्काळ म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर भेगा पडलेली जमीन येते. असा दुष्काळ सोलापूर-बीडकडे पडतो, आपल्याकडे नाही, असे तुम्ही म्हणाल. आपल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. (कर्जत नावाचा दुसरा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तेथे याच्या पाचव्या भागाइतकाही पाऊस पडत नाही!) तरीही एप्रिल उजाडला की डोंगरातील ठाकूर व कातकरी वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन पाणी शोधत फिरतात.

असे का होते? आपले डोंगर काळ्या कातळाचे आहेत. त्यात पाणी फारसे मुरत नाही. पाऊस उतारावरून उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांत जातो व पुढे खाडीला मिळतो. भिवपुरी आणि खोपोली येथील वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज आणि पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहतात. खाली नदीकाठी हिरवे शेत असते आणि वर वाडीत रिकामा हंडा.

'इशारा' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. तेथे त्याचा अर्थ खूण. मराठीत त्याचा अर्थ संकटाआधी दिलेली सूचना. दुष्काळाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. आधी खूण ओळखावी लागते, मगच सूचना देता येते.

पूर्वी दुष्काळ मुख्यतः पिकाच्या पैसेवारीवरून ठरत असे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, जमिनीतील ओल आणि भूजल हेही पाहतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबरमधील पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून कोठे टंचाई येईल याचा अंदाज बांधतात. टंचाई आराखडा तयार करताना या अंदाजाचा उपयोग होतो.

पण मोजल्या जाणाऱ्या विहिरी निवडक असतात. प्रत्येक वाडीची विहीर त्यांत नसते. पर्जन्यमापकात भरपूर पाऊस नोंदला गेला की कागदावर सारे ठीक दिसते. वाडीतील बाईला मात्र जानेवारीतच कळते की दोर हातभर जास्त सोडावा लागतो आहे. तिची ही माहिती कोणत्या वहीत लिहिली जाते? बहुधा कोणत्याच नाही. मला वाटते, उणीव यंत्रांची नाही, या वहीची आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने ही वही ठेवली. पोपटराव पवार तेथे १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे गावकरी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजू लागले. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचे पाणी बाजूला काढतात, मग कोणती पिके घ्यायची ते ठरते.

तुम्हीही मोजू शकता. दोराला वजन बांधा आणि दर मीटरवर एक गाठ मारा. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पहाटे, उपसा सुरू होण्यापूर्वी, काठावरील एकाच जागेवरून मोजा. तारीख व खोली लिहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वही घेऊन जायला वडिलांना किंवा आईला सांगा. टँकरची किंवा विहिरीतील गाळ काढण्याची मागणी तेव्हाच नोंदली गेली, तर मे महिन्यातील धावाधाव टळू शकते. पहिल्या वर्षी तुलनेसाठी जुने आकडे नसतील. तेव्हा वाडीतील एखाद्या आजीला विचारा की गेल्या वर्षी विहीर कोणत्या महिन्यात आटली होती. तिचे उत्तरही वहीत लिहा.